तेच इंजिन, जास्त ताकद



घोड्याची ताकद वाढवायची असेल तर त्याला हरभरा चारतात. मोटारीच्या इंजिनाची ताकद वाढवायची असेल तर त्याला काय चारायचे? तुम्ही चटकन म्हणाल, "पेट्रोल!" पण हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. इंजिनात जास्त पेट्रोल ओतणे अगदी सोपे असते. अवघड असते ते त्या पेट्रोलला जळण्यासाठी लागणारी हवा आत भरणे. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते! म्हणून जुन्या इंजिनाची ताकद वाढवण्याची विद्या ही बरीचशी इंजिनाला चांगला श्वास घ्यायला शिकवण्याची विद्या आहे.

ही विद्या मोठमोठ्या कारखान्यांत वाढली तशीच ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्येही वाढली. एका छोट्याशा मोटारीच्या आधाराने आपण ती समजून घेऊ. सोबत कागद-पेन्सिल ठेवा, कारण अधूनमधून हिशेब करायचे आहेत.

एका छोट्या मोटारीची कथा

इंग्लंडमध्ये १९२२ साली हर्बर्ट ऑस्टिन यांनी 'ऑस्टिन सेव्हन' ही चिमुकली मोटार लोकांपुढे आणली. तिची रेखाटने ऑस्टिन यांच्या राहत्या घरी तयार झाली आणि त्या कामी त्यांना मदत करणारा स्टॅन्ली एज हा तरुण अवघा अठरा वर्षांचा होता. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी ही गाडी १९३९ पर्यंत बनत राहिली. जवळजवळ तीन लाख गाड्या रस्त्यावर आल्या.

तिच्या इंजिनात चार सिलिंडर होते. प्रत्येक सिलिंडरचा व्यास (बोअर) ५.५९ सेंमी. आणि आतला दट्ट्या, म्हणजे आपले गॅरेजवाले ज्याला पिस्टन म्हणतात तो, वरखाली सरकण्याचे अंतर (स्ट्रोक) ७.६२ सेंमी. आता वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र आठवा. एका सिलिंडरचे घनफळ सुमारे १८७ घन सेंमी. येते, चारांचे मिळून ७४७. सुरुवातीला या इंजिनाची ताकद होती फक्त साडेदहा अश्वशक्ती.

मग गाडीच्या नावातला 'सेव्हन' कुठून आला? त्या काळी इंग्लंडमध्ये मोटारीवरचा कर एका ठरावीक सूत्राने काढत. त्या सूत्रात सिलिंडरचा व्यास आणि त्यांची संख्या एवढेच विचारात घेत. त्याप्रमाणे हे इंजिन पावणेआठ 'अश्वशक्ती'चे ठरे. म्हणजे कागदावरची अश्वशक्ती वेगळी आणि चाकाला मिळणारी वेगळी!

दहा-पंधरा वर्षांनी या गाड्या जुन्या झाल्या, अगदी स्वस्तात मिळू लागल्या आणि हातात पाना धरण्याची हौस असलेल्या तरुणांच्या तावडीत सापडल्या. ॲलेक इसिगोनिस आणि त्यांचे मित्र जॉर्ज डाउसन यांनी १९३० नंतरच्या दशकात ऑस्टिन सेव्हनचे इंजिन घेऊन एक हलकी शर्यतीची गाडी स्वतःच्या हातांनी बांधली. हेच इसिगोनिस पुढे १९५९ मध्ये 'मिनी' मोटारीचे जनक झाले. १९४८ मध्ये लंडनला विद्यापीठात शिकणाऱ्या कॉलिन चॅपमन यांनी मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजात जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून आपली पहिली गाडी तयार केली. तीच पुढच्या 'लोटस' गाड्यांची आजी. न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅक्लारेन शाळकरी वयात वडिलांच्या मदतीने एक ऑस्टिन सेव्हन दुरुस्त करून चालवू लागला. त्याच्या नावाचा संघ आजही शर्यतींत धावतो.

या मंडळींच्या हाती जादू नव्हती. ज्या नियमांवर ते काम करत होते ते तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहेत.

इंजिनाचा श्वास

चार धावांच्या इंजिनाचे काम तुम्हाला ठाऊक असेल. पहिल्या धावेत दट्ट्या खाली जातो आणि उघड्या झडपेतून हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसऱ्या धावेत दट्ट्या वर येऊन ते मिश्रण दाबतो. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि तापलेला वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतो. ही तिसरी, कामाची धाव. चौथ्या धावेत जळालेला वायू दुसऱ्या झडपेतून बाहेर हाकलला जातो. या चार धावांत क्रँकच्या दोन फेऱ्या होतात.

आता हिशेब करू. ऑस्टिन सेव्हनचा क्रँक मिनिटाला २,४०० फेऱ्या करत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला १,२०० वेळा श्वास घेतो. चारही सिलिंडर मिळून मिनिटाला ०.७४७ × १,२००, म्हणजे जवळजवळ ९०० लिटर हवा आत जायला हवी. पण प्रत्यक्षात तेवढी जात नाही. वाटेत कार्ब्युरेटरची अरुंद मान असते, नळ्यांची वळणे असतात, झडपेची जेमतेम उघडणारी फट असते. दट्ट्या मात्र थांबायला तयार नसतो. सिलिंडर पुरता भरण्याआधीच तो परत फिरतो.

यावरून ताकद वाढवण्याच्या वाटा कोणत्या ते दिसते. एक, प्रत्येक श्वासात जास्त मिश्रण आत घेणे. दोन, आत आलेल्या मिश्रणाकडून जास्त काम करून घेणे. तीन, मिनिटाला जास्त श्वास घेणे. चार, सिलिंडरच मोठा करणे. एकेक वाट तपासू.

पहिली वाट : श्वास मोकळा करा

करून पहा : एका पेल्यात पाणी घ्या. एकदा बारीक नळीने आणि एकदा रुंद नळीने ते पिऊन संपवा आणि दोन्ही वेळा घड्याळ लावा. मग रुंद नळीच मधोमध थोडी चिमटीत धरून पुन्हा प्या. नळी कितीही रुंद असली तरी एका ठिकाणची अडचण सगळा प्रवाह अडवते, हे लगेच कळेल.

इंजिनातही हेच घडते. घरी काम करणारे हौशी लोक प्रथम हेड आणि नळ्या उतरवून वाट तपासत. जिथे एका भागाचे भोक दुसऱ्या भागाच्या भोकाशी नीट जुळत नाही, तिथे पायरी तयार होते आणि प्रवाहाला ठेच लागते. कानस लावून अशा पायऱ्या काढून टाकायच्या, ओतीव लोखंडाचे खडबडीत कंगोरे घासायचे, झडपा त्यांच्या बैठकीवर घट्ट बसतील अशा घासून घ्यायच्या. आरशासारखी चकाकी आणण्याची गरज नसते. वाट सरळ आणि एकसारखी असणे महत्त्वाचे.

ऑस्टिन सेव्हनमध्ये आणखी एक अडचण होती. चार सिलिंडरांना हवा आत घेण्यासाठी दारे मात्र दोनच होती. पहिला आणि दुसरा सिलिंडर एका दारातून श्वास घेत. तिसरा आणि चौथा दुसऱ्या दारातून. सिलिंडर पेटण्याचा क्रम होता १-३-४-२. आता हा क्रम पुन्हा पुन्हा लिहून पहा : १, ३, ४, २, १, ३, ४, २... तिसऱ्यामागोमाग लगेच चौथा आणि दुसऱ्यामागोमाग लगेच पहिला येतो! म्हणजे एकाच दारावरचे शेजारी पाठोपाठ श्वास घेतात. एकाची झडप बंद होण्याआधीच दुसऱ्याची उघडू लागते आणि एकाच्या ताटातला घास दुसरा ओढतो. दोघांपैकी कोणाचेच पोट नीट भरत नाही.

चॅपमन यांनी १९५१ च्या आपल्या शर्यतीच्या गाडीत यावर तोड काढली. दारे नवी पाडणे शक्य नव्हते, कारण ती सिलिंडरच्या ओतीव ठोकळ्यातच होती. म्हणून त्यांनी दाराच्या मधोमध धातूची पातळ आडभिंत बसवली. एका दाराच्या दोन वाटा झाल्या आणि दोन शेजाऱ्यांची भांडणे मिटली. गाडी इतकी चपळ झाली की शर्यतीच्या नियमांत पुढे अशा आडभिंतीला बंदी घालावी लागली. लक्षात घ्या, त्यांनी इंजिनाचा आकार वाढवला नव्हता. कुठे अडते आहे हे त्यांनी ओळखले होते.

मग वाट जितकी रुंद तितकी चांगली का? तसेही नाही. हवेलाही वस्तुमान आहे, म्हणून तिलाही जडत्व आहे. अरुंद नळीतून वेगाने धावणारी हवा दट्ट्या तळाला पोहोचला तरी लगेच थांबत नाही. आपल्याच वेगाने ती थोडी आणखी आत घुसते. म्हणून तर दट्ट्या तळ गाठून परत फिरू लागला तरी झडप थोडा वेळ उघडी ठेवतात. नळी फार रुंद केली तर कमी फेऱ्यांना हवेचा वेग मंदावतो, हा फायदा जातो आणि पेट्रोलचे थेंबही हवेत नीट मिसळत नाहीत. असे इंजिन जोरात पळवले तर उत्तम चालते, पण चौकात सावकाश चालवताना धापा टाकते. शर्यतीसाठी घासलेले इंजिन बाजारहाटाला निरुपयोगी ठरते ते यामुळे.

दुसरी वाट : मुठीत घट्ट आवळा

दट्ट्या तळाला असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, ती दट्ट्या वर आल्यावर किती पट कमी होते? या आकड्याला संपीडन गुणोत्तर म्हणतात. मिश्रण जितके जास्त दाबून मग पेटवावे, तितका तापलेला वायू प्रसरण पावताना जास्त काम करतो. आदर्श इंजिनात पेट्रोलच्या उष्णतेपैकी जास्तीत जास्त किती भाग कामाला लागू शकेल, याचे गणित असे येते :

गुणोत्तर ५ असेल तर शेकडा ४७.५ भाग
गुणोत्तर ६ असेल तर शेकडा ५१ भाग
गुणोत्तर ७ असेल तर शेकडा ५४ भाग
गुणोत्तर ८ असेल तर शेकडा ५६.५ भाग
गुणोत्तर १० असेल तर शेकडा ६० भाग

खऱ्या इंजिनात उष्णता भिंतींतून आणि धुराड्यातून निघून जाते. जुन्या इंजिनांत जेमतेम चौथा हिस्सा कामी येई. तरी वाढीची दिशा हीच असते. गुणोत्तर पाचावरून सातावर नेले तर तेवढ्याच पेट्रोलमधून सातवा हिस्सा जास्त काम मिळण्याची आशा असते. पुढे पुढे मात्र फायदा कमी कमी होत जातो, हेही आकड्यांत दिसते.

गुणोत्तर वाढवायचे कसे? दट्ट्याच्या वर हेडमध्ये जी खोलगट जागा असते, तो ज्वलनकक्ष, तो लहान करायचा. ऑस्टिनच्या एका सिलिंडरचे घनफळ १८७ घन सेंमी. गुणोत्तर ५ हवे असेल तर ज्वलनकक्ष १८७ ÷ ४, म्हणजे सुमारे ४७ घन सेंमी. हवा. गुणोत्तर ६ साठी १८७ ÷ ५, म्हणजे सुमारे ३७. फरक साधारण ९ घन सेंमी.चा. समजा, खोलगट भागाच्या तोंडाचे क्षेत्रफळ ४५ चौरस सेंमी. आहे. तर हेडची खालची बाजू यंत्रावर फक्त २ मि.मी. छिलली की काम झाले!

पण आधी कक्षाचे घनफळ मोजायचे कसे? त्याचा आकार काही भूमितीतल्या आकृतीसारखा नसतो. इथे तुमच्या प्रयोगशाळेतली ब्यूरेट उपयोगी पडते. हेड उलटे करून अगदी समपातळीत ठेवायचे. प्लग त्याच्या जागी बसवायचा. तोंडावर कडेने ग्रीस लावून, मधे भोक पाडलेली पारदर्शक काच किंवा प्लॅस्टिकची तबकडी चिकटवायची. मग ब्यूरेटमधून रॉकेल सोडत राहायचे. हवेचा शेवटचा बुडबुडा निघून गेला की ब्यूरेटचे वाचन घ्यायचे. चारही कक्षांची अशी मोजणी करून, जो सर्वांत मोठा असेल त्याच्याइतके बाकीचे तीन घासून मोठे करायचे, म्हणजे चारही सिलिंडर सारख्या जोराने काम करतात. (रॉकेल पेट घेते. जवळ दिवा, काडेपेटी नको.)

करून पहा : सायकलच्या पंपाच्या नळीचे तोंड बोटाने घट्ट दाबा आणि आठ-दहा वेळा जोराने दांडा दाबा. पंपाचा खालचा भाग हाताला गरम लागेल. हवा दाबली की तापते.

याच गरम होण्यात धोका आहे. मिश्रण फार दाबले तर ते इतके तापते, की ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपोआप एकदम पेटते. हातोडी आपटल्यासारखा टणटण आवाज येतो. मिस्त्री म्हणतात, "इंजिन ठोकतंय." हे ठोके चालू राहिले तर दट्ट्याला भोकसुद्धा पडते. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी या ठोक्यांचा कसून अभ्यास केला. पेट्रोल असे ठोके किती सहन करते, ते ऑक्टेन अंकावरून कळते. जुन्या काळचे पेट्रोल या बाबतीत दुबळे होते, म्हणून जुन्या इंजिनांची गुणोत्तरे कमी ठेवलेली असत. १९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली यांना शिशाचे एक संयुग मिसळले तर ठोके थांबतात असे आढळले आणि जगभर ते वापरात आले. पण शिसे विषारी. भारतात २००० सालापासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जुन्या इंजिनांत हे शिसे झडपांच्या बैठकीला वंगणासारखे वाचवत असे. म्हणून आज असे इंजिन जोराने चालवायचे तर कठीण धातूच्या बैठका बसवाव्या लागतात.

ऑस्टिन सेव्हनच्या बाबतीत आणखी एक मेख होती. तिच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला असून त्या वर उचलल्या जात. हेड फार छिलले तर झडप हेडला आपटे. आणि झडपेपासून सिलिंडरपर्यंतची वाट अरुंद होऊन श्वासच कोंडे. एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाई.

तिसरी वाट : फेऱ्या वाढवा

मिनिटाला जास्त फेऱ्या म्हणजे जास्त श्वास, जास्त ठिणग्या, जास्त ताकद. ही वाट सर्वांत मोहाची आणि सर्वांत धोक्याची.

दट्ट्या वर जातो, थांबतो, उलटा फिरतो. त्याला थांबवून उलटे फिरवण्यासाठी बल लागते आणि ते बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ऑस्टिनच्या दट्ट्याचे वस्तुमान समजा २०० ग्रॅम आहे. मिनिटाला २,४०० फेऱ्या असताना त्याला ओढून धरायला सुमारे ४९ किलोग्रॅम वजनाइतके बल लागते. फेऱ्या दुप्पट, म्हणजे ४,८०० केल्या की तेच बल चौपट, सुमारे १९६ किलोग्रॅम वजनाइतके होते. दोनशे ग्रॅमचा दट्ट्या जणू दोन क्विंटलचा होतो आणि हे मिनिटाला हजारो वेळा घडते!

हा सगळा मार संयोगदांडा आणि क्रँक यांना सोसावा लागतो. ऑस्टिन सेव्हनचा बारीक क्रँक फक्त दोन टोकांना बेअरिंगांत धरलेला होता. दोरीवरच्या उड्या मारताना दोरीचा मधला भाग कसा बाहेर फेकला जातो ते आठवा. जोरात फिरताना क्रँकही तसाच वाकू पाही. शर्यतीसाठी ताणलेल्या इंजिनांचे क्रँक मोडत ते याच कारणाने. १९३६ मध्ये कंपनीने मधे तिसरे बेअरिंग दिले.

म्हणून जाणते कारागीर फेऱ्या वाढवण्याआधी चारही दट्ट्ये व दांडे तराजूत तोलून सारख्या वजनाचे करत, जड भागांचा नको तो धातू काढून टाकत आणि क्रँक संतुलित करून घेत. घरातला तराजू या कामी किंमती यंत्राइतकाच मोलाचा ठरे.

चौथी वाट : सिलिंडर मोठा करा

जुन्या इंजिनाचे सिलिंडर झिजून लंबगोल होतात. मग ते बोअर करून थोडा मोठा दट्ट्या बसवतात. घनफळ आपोआप थोडे वाढते. पण सिलिंडरच्या भिंतीपलीकडे थंड करणारे पाणी खेळत असते. भिंत फार पातळ झाली तर ती फुटते. म्हणून या वाटेला लवकर मर्यादा येते.

एक पाचवी वाटही आहे. इंजिनाच्या श्वासावर विसंबून न राहता पंपाने हवा आत कोंबायची. याला सुपरचार्जर म्हणतात. १९३० च्या 'अल्स्टर' नावाच्या ऑस्टिन सेव्हनला त्याशिवाय अंदाजे २४ आणि त्यासह अंदाजे ३३ अश्वशक्ती मिळे. १९३६ मध्ये कंपनीने खास शर्यतीसाठी बांधलेल्या त्याच आकारमानाच्या इंजिनाने शंभरांहून जास्त अश्वशक्ती दिली. मात्र त्यात जुन्या इंजिनाचा जवळजवळ एकही भाग उरला नव्हता.

आपल्या ओळखीचे इंजिन

मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी तुमच्या आईवडिलांना चांगली आठवत असेल. मुंबईच्या टॅक्सींतून ती २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनणाऱ्या या गाडीचे इंजिन मूळचे इटलीच्या फियाट कंपनीचे. व्यास ६८ मि.मी., स्ट्रोक ७५ मि.मी., घनफळ १,०८९ घन सेंमी., ताकद सुमारे ४० अश्वशक्ती.

हे मोजमाप १९३७ च्या फियाटमध्ये आले, तेव्हा ताकद ३२ होती. १९५३ च्या फियाट ११०० मध्ये तेच घनफळ, पण ताकद ३६, फेऱ्या ४,४००, संपीडन गुणोत्तर ६.७. त्याच वर्षी कंपनीने त्याच गाडीचा वेगवान भाऊ काढला. घनफळ तेच, पण गुणोत्तर ७.६, कार्ब्युरेटर दुहेरी नळीचा, फेऱ्या ५,४०० आणि ताकद सुमारे ५०! ही वाढ कुठून आली? चला, झाडाझडती घेऊ.

ताकद ५० ÷ ३६, म्हणजे १.३९ पट झाली. फेऱ्या ५,४०० ÷ ४,४००, म्हणजे १.२३ पट झाल्या. तेव्हा बाकी उरले १.३९ ÷ १.२३, म्हणजे १.१३. आदर्श इंजिनाच्या गणिताप्रमाणे गुणोत्तर ६.७ वरून ७.६ केल्याने सुमारे १.०४ पट फायदा होतो. उरलेले सुमारे १.०९ पट मोकळ्या श्वासाच्या खाती जमा धरावे लागतात. हा हिशेब ढोबळ आहे, पण तो एक गोष्ट शिकवतो. सर्वांत मोठा वाटा फेऱ्यांचा दिसतो खरा. पण जास्त फेऱ्यांनाही सिलिंडर भरत राहिला, म्हणूनच त्या फेऱ्या उपयोगी पडल्या. श्वास कोंडला असता तर नुसत्या फेऱ्यांनी आवाजच वाढला असता.

आणि ज्वलनकक्षातला फरक किती? गुणोत्तर ६.७ साठी ४७.८ घन सेंमी. आणि ७.६ साठी ४१.३. अवघे साडेसहा घन सेंमी.; चहाच्या एका चमच्याहून जरासे जास्त!

वाढलेल्या ताकदीची किंमत

फुकट काही मिळत नाही. जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता. ऑस्टिन सेव्हनमध्ये पाणी फिरवायला पंप नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर जाई, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली येई, एवढ्यावरच काम भागे. ताकद दुप्पट केली की हा संथ कारभार अपुरा पडून पाणी उकळे.

दुसरे, ताकद दुप्पट झाली म्हणून वेग दुप्पट होत नाही. वेगात धावणाऱ्या गाडीला मुख्य विरोध हवेचा असतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दोनचे घनमूळ १.२६. म्हणजे ताशी ८० कि.मी. धावणारी गाडी ताकद दुप्पट केल्यावर ताशी १०० कि.मी.च्या आसपासच जाईल. पण थांबण्याचे काय? गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी ८० ऐवजी १०० वेगाने जाणाऱ्या गाडीला तेच ब्रेक लावले तर थांबायला दीडपटीहून जास्त अंतर लागते. जुने ब्रेक, जुने टायर, जुने स्टिअरिंग हे सगळे जुन्या वेगासाठी केलेले असतात. रस्त्यावर अचानक आलेल्या मुलाला गाडीची अश्वशक्ती ठाऊक नसते. म्हणून शहाणा कारागीर आधी ब्रेक सुधारतो आणि मग इंजिनाला हात लावतो.

चॅपमन यांच्यासारख्यांनी आणखी एक शहाणपण दाखवले. बल तेच ठेवून वस्तुमान कमी केले तर त्वरण वाढते, हा न्यूटनचा नियम. ताकद वाढवण्यापेक्षा वजन कमी करणे पुष्कळदा स्वस्त पडते. हलकी गाडी वेग लवकर घेते, लवकर थांबते आणि वळणही चांगले घेते.

दोन गोष्टी विसरू नका. दार लावलेल्या गॅरेजात इंजिन कधीही चालू ठेवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो माणसाला गाढ झोपेत नेऊन मारतो. तसेच आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदणीतील तपशिलांशी विसंगत होतील असे बदल मालकाला मनाला येईल तसे करता येत नाहीत. हौसेची जागा परवानगीच्या शर्यतीचे मैदान ही आहे. शाळेसमोरचा रस्ता नव्हे.

एका वेळी एकच बदल

घरगुती कारागिरांपैकी जे यशस्वी झाले, त्यांची एक सवय सारखी होती. ते वही ठेवत. एका वेळी एकच गोष्ट बदलत. बदलाआधी आणि बदलानंतर तोच चढ, तेवढेच ओझे, तेच पेट्रोल घेऊन घड्याळ लावत. कार्ब्युरेटर, हेड आणि धुराड्याची नळी हे सगळे एकाच दिवशी बदलले तर गाडी पळाली तरी का पळाली ते कळत नाही आणि बिघडली तरी का बिघडली ते कळत नाही. तुमच्या प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' असे दोन वेगळे रकाने असतात ना? गॅरेजातही तेच दोन रकाने लागतात. गाडी चालवायला परवाना मिळेपर्यंत तुम्हाला अजून काही वर्षे आहेत. तोवर वही, ब्यूरेट, तराजू आणि घड्याळ यांच्यावर हात बसवून ठेवा.

सोडवून पहा

१. १९६२ मध्ये फियाटने ११०० डी ही गाडी काढली. तिच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचा स्ट्रोक ७५ मि.मी. हाच ठेवून व्यास ६८ ऐवजी ७२ मि.मी. केला. नवे घनफळ किती? शेकडा वाढ किती?

२. ऑस्टिन सेव्हनच्या सिलिंडरला (१८७ घन सेंमी.) संपीडन गुणोत्तर ८ हवे असेल, तर ज्वलनकक्ष केवढा हवा?

३. मिनिटाला २,४०० फेऱ्यांना दट्ट्यावरील बल ४९ किलोग्रॅम वजनाइतके असेल, तर ३,६०० फेऱ्यांना किती?

४. ताकद तिप्पट केली तर कमाल वेग साधारण किती पट होईल?

उत्तरे : १. सुमारे १,२२१ घन सेंमी.; शेकडा १२. २. सुमारे २६.७ घन सेंमी. ३. सुमारे ११० किलोग्रॅम वजनाइतके. ४. सुमारे १.४४ पट.